चाचणी तिची होती

पायलट म्हटलं की लोक आकाशाकडे बघतात. मी बंदराचा पायलट आहे हे गेली तीस वर्षं समजावून सांगतोय आणि आता त्याचा वीट आलाय. तरी एकदा सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. बाहेरून आलेल्या कॅप्टनला आमचं बंदर ठाऊक नसतं. गाळ कुठे साचलाय, प्रवाह कुठे ओढतो, हे आम्हाला माहीत. म्हणून आम्ही लाँचमधून जायचं, चालत्या जहाजाच्या अंगाला लटकणाऱ्या दोरीच्या शिडीवरून वर चढायचं आणि ते जहाज आत आणून धक्क्याला लावून द्यायचं. हुकूम आम्ही सोडतो, पण कायद्याच्या भाषेत तो नुसता सल्ला असतो. जहाज कॅप्टनचंच राहतं. थोडक्यात, पायलट म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई. मान मोठा, शब्द खाली पडत नाही, आणि घर मात्र सासऱ्याचं. काही फुटलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

मी नुसता पायलट नव्हतो, शिकवणारा पायलट होतो. अठरा वर्षांत सहा जण माझ्या हाताखालून गेले. हाताखालून हे मी शब्दशः सांगतोय. शिकाऊ पायलट हुकूम देतोय आणि मागून त्याचा मास्तर ‘अरे उजवीकडे, उजवीकडे’ करतोय, असं दिसलं की कॅप्टनचा भरवसा उडतो. त्यानंतर तो दोघांचंही ऐकत नाही. म्हणून मी तोंड बंद ठेवायचो आणि शिकाऊ माणसाच्या मागे उभा राहून खांद्यावर हात ठेवायचो. उजव्या खांद्यावर बोट वाजवलं की सुकाणू उजवीकडे, डाव्या खांद्यावर वाजवलं की डावीकडे. दोनदा थोपटलं म्हणजे चालू दे. अख्खा तळवा दाबून ठेवला म्हणजे थांब, काही बोलू नकोस, अजून वेळ आहे. हुकूम त्याच्या तोंडून जायचा आणि कॅप्टनला वाटायचं, काय तयार माणूस आहे. आमच्या ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं. चहा पिताना माझी नक्कलही करायचे, आणि मला ती आवडायची.

दुसरा माझा नियम होता की कॅप्टनसमोर दोन पायलटांनी एकमेकांचं खोडायचं नाही. जे काय भांडायचं ते खाली उतरून, लाँचमध्ये. हा नियम मी सहाही जणांच्या कानीकपाळी ओरडून डोक्यात बसवला होता.

सातवी माझी पुतणी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीवर, मास्तर होता; ती कॉलेजात असताना गेला. त्यानंतर ही पोरगी बोटीवर गेली, ऑफिसर झाली, परत आली आणि पायलट होते म्हणाली. वहिनींनी तिला माझ्या स्वाधीन केलं. घरी मी काका, बोटीवर सर, आणि या दोन गोष्टींची तिने कधी गल्लत केली नाही. ती सहाही जणांपेक्षा हुशार होती. हे मी तिला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

एका गोष्टीवरून मात्र आमचं जमायचं नाही. हल्ली प्रत्येक पायलटला एक टॅबलेट आणि छोटा अँटेना देतात. अँटेना ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीच्या, कठड्याला लावला की टॅबलेटवर जहाज दिसतं, धक्का दिसतो आणि जहाजाचं तोंड व शेपूट धक्क्याकडे किती वेगानं सरकतंय तो आकडा दिसतो. सेकंदाला इतके सेंटिमीटर. मोठं जहाज टेकताना हा आकडा दहाच्या वर नको. हिचा त्या आकड्यावर विश्वास, माझा माझ्या डोळ्यांवर. मी म्हणायचो, धक्का समोर दिसतोय आणि तू मांडीवरच्या पाटीत काय बघतेस? ती हसायची आणि पाटीत बघायची.

दोनेक वर्षांपूर्वी बंदराबाहेरचा बांध शंभर मीटरनं वाढवला. त्यामुळे प्रवाह बदलला असं पत्रक निघालं आणि आम्हा सगळ्यांना सिम्युलेटरवर तीन दिवस बसवलं. सिम्युलेटर म्हणजे बंद खोलीत पडद्यावरचं समुद्र-समुद्र. मी हजेरीवर सही केली, मागच्या खुर्चीत बसलो आणि तिन्ही दिवस मनात उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शिव्या घातल्या. पुतणी वर्ग संपल्यावरही थांबायची आणि तेच जहाज पुन्हा पुन्हा लावून बघायची. मला एकदा म्हणाली की पूर्वी धक्क्याजवळ प्रवाह पडायचा, आता शेवटपर्यंत ढकलत राहतो. मी बरं म्हणालो.

मग तिची मोठ्या जहाजांची चाचणी आली. लहान जहाजांचा परवाना तिच्याकडे दोन वर्षं होता. चाचणीत जहाज उमेदवाराच्या नावावर असतं. कॅप्टनसोबतच्या कागदावर सही त्याची. परीक्षक दोन पावलं मागे उभा राहतो आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. अगदीच गरज पडली तर मोठ्यानं म्हणायचं, ‘ताबा माझ्याकडे’. म्हणजे कॅप्टनला ऐकू जातं आणि ब्रिजवरच्या रेकॉर्डरमध्येही जातं, पुढे वाद नको. हा नियम लिहिणाऱ्या समितीत मीच होतो. परीक्षक म्हणून नात्यातला माणूस नको असं कुणीतरी म्हणालं होतं, पण मोठ्या जहाजांची चाचणी घ्यायला दुसरा कोण होता? मीही नाही म्हटलं नाही. तिला शिडीवरून खाली उतरवून पहिलं अभिनंदन मला करायचं होतं.

सकाळचे दहा वाजले होते, ऊन स्वच्छ, वारा जेमतेम. जहाज दोनशे तीस मीटरचं. तिनं ते असं आणलं की मला मागे उभं राहून नुसतं बघावंसं वाटलं. तोंडाला एक टग, शेपटाला एक. जहाज धक्क्याशी समांतर झालं आणि आम्ही सगळे ब्रिजच्या बाहेरच्या सज्ज्यावर आलो. कॅप्टन कठड्यावरून वाकून मागे बघत होता, त्याची पाठ आमच्याकडे. पुतणीच्या एका हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्या हातात ती पाटी.

धक्क्याच्या टोकाला पाण्यात एक सुटा काँक्रीटचा चौथरा आहे, जहाजाचे मागचे दोर बांधायला. त्यावर एक दोरवाला उभा होता. त्याच्या मिशांमुळे आम्ही सगळे त्याला मिशी म्हणायचो. वीस वर्षं तो माणूस वर बघून मला हात करायचा आणि मी त्याला. त्या दिवशीही त्यानं केला.

शेपूट वेगानं आत येत होतं. मी दोन पावलं मागे असूनही मला टॅबलेटवरचा आकडा दिसला, एकतीस. तिनं वॉकीटॉकी तोंडाशी नेली. मागच्या टगला पूर्ण जोर लावून ओढायला सांगणार हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. आणि मला ते नको होतं. शेवटच्या क्षणी टगला ओढायला लावणं हे घाबरटाचं काम, असं मी जन्मभर सांगत आलो. माझ्या पुतणीनं चाचणीत जहाज टगनं खेचून आवरलं, हे ऑफिसात चहाबरोबर चघळलं जाणार, ते मला नको होतं. माझे डोळे सांगत होते की आता प्रवाह पडेल आणि जहाज आपोआप मंदावेल. तीस वर्षं तसंच झालं होतं. मी दोन पावलं पुढे गेलो आणि तिच्या खांद्यावर तळवा दाबून ठेवला.

तिचा हात तोंडाजवळ तसाच राहिला. कॅप्टननं मागे न वळता विचारलं की शेपूट जोरात येतंय का. ती म्हणाली, “थांबा. ठीक आहे.” मी तळवा काढला नाही. पुढे ध्वनिमुद्रणावर मोजलं तेव्हा चौदा सेकंद निघाले. मग माझ्याच हाताखालून तिनं खांदा हिसडून सोडवला आणि टगला ओढ म्हणून सांगितलं, पण टगचा जोर लागायलाही वेळ जातो. जहाजाचं शेपूट चौथऱ्यावर बसलं. चौथरा टिकला. त्याला जोडणारा लोखंडी पूल मुडपला आणि पळत सुटलेल्या मिशीचा पाय त्यात सापडला. गुडघ्याखालून काढावा लागला.

खाली उतरल्यावर लाँचमध्ये ती माझ्याकडे बघत बसली. माझ्या नियमाप्रमाणे भांडायची जागा तीच होती. मी म्हणालो की आत्ता काही बोलायला नको, लाँचवाला ऐकतोय. 

चौकशी बसली. पायलटांच्या संघटनेनं मला वकील दिला, तिला दुसरा. माझा वकील मऊ आवाजाचा, नखं कापलेला, व्यवस्थित माणूस होता. त्यानं मला एकच गोष्ट चारदा सांगितली, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या. ब्रिजच्या सज्ज्यावर कॅमेरा नाही, कॅप्टनची पाठ होती, रेकॉर्डरला फक्त आवाज ऐकू येतात. हे सगळं तो मला असं सांगत होता, जणू मी विचारलंय. मी विचारलं नव्हतं. पण मी त्याला थांबवलंही नाही. माझ्या निवृत्तीला सात महिने होते आणि तीस वर्षांत माझ्या नावावर एक ओरखडा नव्हता. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. त्या खोलीत सगळ्यांसमोर ‘चूक माझी’ म्हणायची भीती.

खोली लांबट होती. पंखा फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाला एक काचेचा ग्लास दिला होता. समोर समितीचे तिघं, मधले अध्यक्ष. एका बाजूला जहाजाचा कॅप्टन आणि त्याचे वकील. मागे आमच्या ऑफिसातले पायलट बसले होते, त्यांतले पाच माझ्या हाताखालचे. पहिला दिवस पुतणीचा. तिला शपथ दिली आणि ध्वनिमुद्रण तीनदा ऐकवलं. तीनदा तिच्या आवाजात ‘थांबा. ठीक आहे.’ मग चौदा सेकंदांची खरखर.

अध्यक्षांनी विचारलं की टॅबलेटवर एकतीस दिसत होते ना? ती हो म्हणाली. टगला ओढायला सांगावंसं वाटलं होतं का? हो. मग का नाही सांगितलं? तिनं ग्लासाखालचा कागद सरळ केला. अध्यक्ष म्हणाले की परीक्षकांनी काही हस्तक्षेप केला का? ती म्हणाली की ते सरांना विचारा, सर सांगतील. अध्यक्ष चिडले. त्यांना हो किंवा नाही हवं होतं. तिनं एकदा कॅप्टनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही, आणि म्हणाली, “नाही.”

मागच्या पाच जणांपैकी कुणाची खुर्चीही वाजली नाही.  तळव्याचा अर्थ त्या पाचांना त्यांच्या बायकापोरांच्या नावांइतका पाठ होता. मला त्यांचा राग आला, हे आता सांगायलाही लाज वाटते. जे मी बोलायचं ते हे का नाही बोलले, म्हणून राग.

तिच्या त्या ‘नाही’चा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. पोरीनं काकाला वाचवलं. तिचं वय आहे, दोन-तीन वर्षांत परवाना परत मिळेल, माझं सगळं एकाच फटक्यात जाईल, हा हिशोब तिनंच केला असणार. घरी गेल्यावर बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “तिनं केला की तुम्ही?” आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. वकिलाने सांगितलं होतं तसंच झालं. अध्यक्षांनी विचारलं, ‘ताबा माझ्याकडे’ हे शब्द तुम्ही उच्चारलेत का? मी नाही म्हणालो. धोका दिसत असताना का नाही उच्चारले? पुतणी दुसऱ्या रांगेत बसली होती. आज तिनं मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. दाराआडून कुणी यायची वाट बघावी तशी ती बघत होती. मी म्हणालो, “चाचणी तिची होती. मध्ये पडणं मला बरोबर वाटलं नाही.”

तिनं मान खाली घातली. समितीनं पुढचा प्रश्न विचारला.

निकाल दोन महिन्यांनी आला. तिचा परवाना कायमचा रद्द. मला वेळेत ताबा न घेतल्याबद्दल समज, म्हणजे फाइलमध्ये एक कागद. कॅप्टनच्या जहाजाला दंड. मिशीला एका ओळीत ‘जखमी कर्मचारी’ म्हटलं होतं, त्यातही हुद्दा चुकीचा. अहवालाच्या शेवटी शिफारस होती की तरुण पायलटांत निर्णय घेताना कचरण्याची प्रवृत्ती दिसते, तरी त्यासाठी खास प्रशिक्षण ठेवावं. ऑफिसनं ते प्रशिक्षण घ्यायला मलाच सांगितलं. मी घेतलं. चार दिवस मी फळ्यासमोर उभं राहून कचरायचं कसं नाही ते शिकवलं आणि समोरचे वहीत उतरवून घेत होते.

त्यानंतरच्या रविवारी वहिनींनी जेवायला बोलावलं. दोन जिने चढताना माझा जीव मेटाकुटीला आला होता, वयामुळे नव्हे. वहिनींनी दार उघडलं आणि आत नेऊन बसवलं. म्हणाल्या की तुम्ही होतात म्हणून निदान पोलीस केस झाली नाही. म्हणाल्या की हे असते तर त्यांनीही तुमच्याइतकंच केलं असतं. पुतणी ताटं मांडत होती. तिचा हात थांबला नाही. तिला बंदराच्या मालगोदामात कारकुनाची जागा मिळाली होती, वजनाच्या पावत्या तपासायची. वहिनी ते सांगताना हसऱ्या चेहऱ्यानं सांगत होत्या, म्हणजे आणखीच वाईट.

 निघताना पुतणी मला खालपर्यंत सोडायला आली. जिन्याच्या तळाशी सायकली लावलेल्या असतात, तिथे मी थांबलो. चौकशी संपल्यावर आम्ही दोघंच असे पहिल्यांदा उभे होतो. मी म्हणालो की उद्या जातो आणि समितीला लिहून देतो, हात माझा होता.

“आणि मी शपथेवर नाही म्हणाले, त्याचं काय?” तिनं विचारलं.

मी याचा विचारच केला नव्हता.  तिनं केला होता, सगळा. समितीनं माझं खरं मानलं की तिचं खोटं ठरणार होतं. परवाना तर गेलाच. आता शपथेवर खोटं बोलल्याचा खटला, आणि मालगोदामातली नोकरीही जाणार. तिनं हे मला समजावून सांगितलं, जसं मी तिला कधीकाळी भरती-ओहोटीचं कोष्टक समजावलं होतं, न चिडता.

“मग म्हणालीस कशाला नाही?” मी जवळजवळ ओरडलोच.

“कॅप्टन समोर बसले होते, काका. त्यांच्यासमोर तुमचं खोडायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय. आणि मी सांगितलं असतं तर परीक्षेत नापास झालेल्या पोरीनं काकावर ढकललं, असं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तुमची पाळी होती. मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही स्वतः सांगितलं असतं तर कुणी मला खोटं म्हटलं नसतं. म्हणाले असते, पोरगी गुरूला धरून राहिली.” ती जरा थांबली. “मी रात्री कपडे इस्त्री करून ठेवले होते. तुम्ही सांगितल्यावर मला परत उभं करतील म्हणून.”

मी काहीतरी म्हणालो असेन. बहुतेक माफ कर म्हणालो. तिनं ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं.

मग म्हणाली की आईला यातलं काही सांगू नका. मी विचारलं, का? आईला तरी कळू दे, चार शिव्या घालेल, मला बरं वाटेल.

“म्हणूनच,” ती म्हणाली. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून तिचं शेवटचं माणूस कशाला काढून घेऊ?”

ती वर गेली. मी सायकलींमध्ये उभा होतो.

आता निवृत्त होऊन वर्ष झालं. निरोपसमारंभात त्या पाचांपैकी एकानं भाषण केलं, माझ्या हातांनी बंदराला पायलट दिले असं म्हणाला, आणि टाळ्या झाल्या. मी दर रविवारी वहिनींकडे जेवायला जातो. न गेलो तर त्या काळजी करतात, बायकोला फोन करतात, म्हणून जावंच लागतं. वहिनी समोर बसून आग्रहानं वाढतात आणि दादाच्या आठवणी सांगतात. पुतणी शेजारी बसते, भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवते आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, “घ्या ना, काका, संकोच कसला?”

मी घेतो.